सव्वाशे लिटरवरून मोठा रीफ टँक घ्यायचाय, पण केवढा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, दोन वर्षं ३० बाय १५ बाय १८ इंचाचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ यांचा, नीट चाललाय, दोन क्लाऊन आणि एक गोबी हे मासे आहेत, झोआ आणि मश्रूम हे मऊ प्रवाळ इतके वाढलेत की आता दगड दिसेना झालाय, म्हणून सहा फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच असा टँक बनवून घ्यायचं मनात आहे, काचवाल्याकडून कोटेशनही आलंय. आणि विचारतोयस की काका, घेऊन टाकू का सहा फुटी, की पाचवर थांबू, आणि त्यात टँग मासा ठेवता येईल का.

सहा नको आणि पाचही नको. चार फूट लांब, सव्वादोन फूट म्हणजे २७ इंच रुंद, आणि उंची फक्त २० इंच. खाली शंभर लिटरचा संप, म्हणजे स्टँडमधली दुसरी टाकी. हे वाचून तुझा चेहरा पडला असणार हे मला इथून दिसतंय, पण ऐक, मी ही चूक स्वतः करून, पैसे घालवून, मासे घालवून बसलोय.

आधी आकडे बघू, कारण दुकानात कोणी सांगत नाही. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. तुझा आत्ताचा टँक काठोकाठ भरला तर १३० लिटरच्या आसपास. सहा फुटी जो काचवाल्याने काढून दिलाय तो ३० घनफूट, म्हणजे साडेआठशे लिटर. आणि मी म्हणतोय तो १५ घनफूट, सव्वाचारशे लिटर, वर दोन इंच मोकळे सोडले तर ३८० च्या जवळपास, त्यात संप धरला आणि दगडाची जागा वजा केली की सिस्टीममध्ये साधारण साडेचारशे लिटर पाणी. म्हणजे आत्ताच्या तिप्पट-साडेतीनपट. हे काही कमी नाही. एकदम सातपट उडी मारली की नुसतं पाणी वाढत नाही, मीठ वाढतं, वीज वाढते, वजन वाढतं, आणि लाईट गेली की घाबरायचं कारणही वाढतं.

"जेवढं पाणी जास्त तेवढा टँक स्टेबल" हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, मी नाकारत नाही. शंभर लिटरमध्ये एक गोगलगाय मेली तरी अमोनिया दिसतो, पाचशे लिटरमध्ये कळतही नाही. पण हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडे बहुतेक हिवाळ्यात पाणी गरम करायला हीटर लागतो. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे, आपल्याला पाणी गार ठेवायचंय आणि तेही जून महिन्यात, जेव्हा हवेत इतका दमटपणा असतो की दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, आणि महावितरणची लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. कोकणात टँकचं माप भिंतीवर किती जागा आहे त्यावरून काढायचं नाही, जूनमध्ये बारा तास लाईट नसताना आपण काय सांभाळू शकतो त्यावरून काढायचं.

माझंच सांगतो. माझं घर दापोलीच्या बाजूला. २०२० पर्यंत माझ्याकडे पाच फूट बाय दोन बाय अडीच फूट उंच टँक होता, सातशे लिटर, बघणारा तोंडात बोट घालायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माडपोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, आणि लाईट जी गेली ती आमच्या वाडीत १९ दिवसांनी आली. टँककडे बघायलाच पहिल्या दिवशी सवड नव्हती, आधी घरावर ताडपत्री. रात्री मी आणि मुलगा आळीपाळीने तांब्याने पाणी वर घेऊन ओतत बसलो, गाडीच्या बॅटरीवर दोन छोटे एअर पंप लावले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोठ्या टँकमधले सगळे मासे गेले. आणि गंमत बघ, पडवीत एक जुना पसरट ट्रे होता, फुटभर उंचीचा, त्यात झोआच्या कटिंग आणि दोन डॅमसेल ठेवले होते, त्याच्यात एक एअर स्टोन, बस. ते डॅमसेल जगले.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लाईट गेल्यावर मासे थंडीगरमीने मरायच्या आधी ऑक्सिजन संपून मरतात, आणि ऑक्सिजन पाण्यात जातो तो वरच्या पृष्ठभागातून. माझ्या सातशे लिटरला पृष्ठभाग होता दहा चौरस फूट. तुला जो टँक सांगतोय त्याला पृष्ठभाग आहे नऊ चौरस फूट आणि पाणी सव्वाचारशे लिटर. जवळजवळ तेवढंच तोंड, आणि पोट निम्म्याहून थोडं जास्त. शिवाय पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो, आणि आपल्याकडे लाईट जायचे दिवस म्हणजे नेमके गरम दिवस. मी २०२१ च्या जानेवारीत हाच चार फुटी उथळ टँक केला, आणि मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा तीन दिवस लाईट नव्हती, त्यात एक क्लीनर श्रिंप गेला आणि एक लेदर प्रवाळ आठवडाभर रुसून मिटून बसला, एवढंच.

आता उंचीचं दुसरं कारण, काच. काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीने वाढतो, टँक मागे किती रुंद आहे त्याने नाही. म्हणजे दोन फुटाचा सव्वादोन फूट रुंद केलास तर समोरची काच जाड करायला लागत नाही, फक्त तळाची आणि बाजूची काच थोडी मोठी होते, पण उंची २० वरून २४ इंच केलीस की रिमलेसमध्ये, म्हणजे वर पट्टी नसलेल्या टँकला, १२ एमएमवर मी तरी निवांत झोपणार नाही, १५ एमएम घ्यावी लागेल, आणि ३० इंचाला तर वरून पट्ट्या मारूनही विचार करावा लागेल. तुझ्या कोटेशनमध्ये ३० इंच उंचीला १२ एमएम लिहिलंय, हे वाचून मी चष्मा पुसून परत वाचलं. ते नको. २० इंचाला १२ एमएम, मागे आणि तळाला साधी, समोरची एक काच जमली तर एक्स्ट्रा क्लिअर, म्हणजे तो हिरवट रंग येत नाही. पाइपची भोकं आधी पाडून घे, टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, अख्खी काच बुंदीसारखी खाली पडते. सिलिकॉन बुरशीरोधक औषध घातलेलं नको, साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं.

तिसरं कारण हात. मस्करी नाही. स्टँड ३० इंच, टँक ३० इंच, म्हणजे काठ जमिनीपासून पाच फुटांवर, स्टुलावर चढून काखेपर्यंत हात घातलास तरी तळाला पडलेली झोआची कटिंग हाताला लागणार नाही, मग चिमटा, मग तो चिमटा दगडाला लागून दगड पडणार. ज्या टँकमध्ये हात पोचत नाही त्याची सफाई माणूस टाळतो, आणि टाळलेल्या कोपऱ्यातच सायनोचा बुळबुळीत थर आणि एप्टेशियासारखं तण घर करतात. २० इंच उंचीत तू जमिनीवर उभा राहून सगळीकडे पोचतोस. पाणी खाली संपमध्ये सोडणारा ओव्हरफ्लो बॉक्स मागे पाच इंच खातो, त्यामुळे २७ रुंदीतले २२ च इंच हाताला येतात.

आणि मोठी उंची कशासाठी हवी असते? वरच्या बाजूला एसपीएस, खाली एलपीएस (दोन्ही कठीण प्रवाळ, पहिले बारीक पॉलिपचे, दुसरे मोठ्या), अशी मजले रचायची हौस असते लोकांना. ते आपल्याकडे करायचंच नाहीये. इथे मी जरा कडक बोलणार. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन हे सगळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कोण काय विकतं आणि कोण काय पाळतं ते मला माहीत नाही असं नाही, पण मी कुणाला घ्या म्हणून सांगणार नाही. झोआ, मश्रूम, लेदर, झेनिया यांच्यावर अख्खा सुंदर टँक होतो, आणि यांना प्रकाश मध्यम लागतो, त्यामुळे २० इंचाला दोन मध्यम एलईडी पुरतात, महागडे चार नको. हे प्रवाळही विकत घेताना बिल घे. ओहोटीला खडकांवर हिरवे झोआ चटईसारखे पसरलेले दिसतात, ते सुरीने खरवडून आणायचा मोह आपल्या किनाऱ्यावर प्रत्येकाला होतो, मलाही झालाय कॉलेजात असताना. नको. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून जाहीर आहे, तिथे हात लावायचा प्रश्नच नाही, पण बाहेरही सोडून दे, त्याच्याबरोबर किडे इतके येतात की पुढचं वर्ष ते वेचण्यात जातं. क्लाऊन मात्र आता पैदास केलेले मिळतात, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र आपल्याकडे केव्हाच बसवलंय, तेच घे.

"पण काका, आपला समुद्रच मेमध्ये तीसला जातो, तिथे प्रवाळ आहेत की, मग पाणी गार करणारा चिलर कशाला?" हा प्रश्न तू विचारलेला नाहीस पण विचारशील. समुद्र तीसला जातो खरा, पण तो महिनाभर घेऊन हळूहळू जातो आणि लाटा त्याला सतत हवा पाजत असतात. आपला टँक दुपारी बारा ते चार या वेळात २८ वरून ३२ ला जातो आणि रात्री परत उतरतो, रोज. शिवाय दुकानातला लेदर काही रत्नागिरीच्या खडकावरचा नसतो. पाणी सतत तीसच्या वर राहिलं की प्रवाळ रंग सोडायला लागतात. मी २६ ते २७ धरतो.

पंख्याने भागेल का, तर पंखा पाणी उडवून गार करतो, आणि हवेत आधीच पाणी असेल तर उडणार कुठे? माझ्या पडवीत एप्रिलमध्ये दोन पंखे दोन डिग्री उतरवतात, जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्धी डिग्री. म्हणजे लागतो तेव्हाच उपयोग नाही, छत्रीसारखं. साडेचारशे लिटरला पाव एचपीचा चिलर पुरतो, चालू असताना साधारण तीनशे वॅट, उन्हाळ्यात दिवसाला दहा तास धर, म्हणजे महिन्याला नव्वद युनिट. हे तुझ्या आत्ताच्या बिलात मिळवून बघ, कारण घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्याला चढतो आणि नव्वद युनिटने तू एक टप्पा ओलांडणार असशील तर टप्प्याच्या वरची युनिटं चढ्या दराने पडतात. सहा फुटीसारख्या हजार लिटरच्या सिस्टीमला अर्ध्या एचपीच्या खाली बोलायलाच नको. आणि चिलर स्टँडच्या कपाटात कोंडायचा नाही, तो मागून गरम हवा फेकतो, कपाटात कोंडला तर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो आणि कॉम्प्रेसर दमतो. बाल्कनीत ठेव, पावसाची झड लागणार नाही असा.

इन्व्हर्टरवर चिलर चालवायचा विचारही करू नको. इन्व्हर्टर फक्त पाणी हलतं ठेवायला. संपमधून पाणी वर टाकणारा डीसी रिटर्न पंप २५ वॅट, टँकमध्ये प्रवाह करणारा एक वेव्हमेकर १५ वॅट, असे चाळीस वॅट. घरातली १५० एएचची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हजार-अकराशे धर, म्हणजे एक दिवस-रात्र आरामात निघते, घरातले पंखे त्याच्यावर नसतील तर. आणि असतात! म्हणून टँकला वेगळी छोटी बॅटरी ठेव, घरच्यांना सांगून ठेव की ही माशांची आहे. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह असेल तर बरं, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घुमतात आणि तापतात. याशिवाय लाईट गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीचा एअर पंप, दोन नग, कपाटात नाही, टँकला जोडून ठेवलेले.

लाईट गेली की अजून एक गोष्ट होते जी नवीन माणूस विसरतो. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत खाली उतरतं आणि सगळं संपमध्ये येतं. नऊ चौरस फुटाला एक इंच म्हणजे २१ लिटर. रिटर्नच्या पाइपला सायफन तोडणारं, म्हणजे पाणी उलटं ओढलं जाणं थांबवणारं भोक नसेल तर अजून येईल, आणि ते भोक मिठाने बुजतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी काडी घालायची. संप भरताना एवढी जागा रिकामी सोड, मग पंप बंद करून बघ किती पाणी वर चढतं आणि त्या रेषेवर मार्करने खूण कर. आपल्याकडे हा प्रसंग वर्षातून दोनदा नाही, पावसाळ्यात दिवसातून दोनदा येतो. दुसऱ्या मजल्यावर तू, पहिल्या मजल्यावर शेजारी, त्यांच्या पीओपीवर समुद्राचं पाणी गेलं तर नातं संपलं. ओव्हरफ्लोला दोन पाइप हवेत, एक भरून वाहणारा आणि एक नुसता तयारीत, पहिल्यात गोगलगाय अडकली तर दुसरा.

वजनाचं आता. मी सांगतोय तो टँक, काच, पाणी, दगड, वाळू, स्टँड, संप सगळं धरून सव्वासातशे किलोच्या घरात. सहा फुटी तेराशेच्या पुढे. राहत्या घराच्या स्लॅबला आयएस ८७५ या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो, आणि आपला टँक त्याच्या नऊ चौरस फुटात चौरस फुटाला ८० किलो टेकवतो. लगेच घाबरू नको, ते दोनशे किलो अख्ख्या खोलीभर पसरलेले धरतात, दहा बाय बाराच्या खोलीला ते बावीसशे किलो होतात. प्रश्न जागेचा आहे. बीमवर किंवा बीमच्या कडेला, भिंतीला लागून, खोलीच्या मधोमध कधीच नाही, आणि बाहेर झुकलेल्या बाल्कनीत तर देव आला तरी नाही. बिल्डिंग जुनी असेल, खारी हवा खाऊन स्लॅबच्या खालून सळई दिसायला लागली असेल, तर हा सगळा विचार आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव, तो एकदा येऊन बघेल त्याचे पैसे सगळ्यात स्वस्त पैसे आहेत.

जागेवरून आठवलं, हॉलमध्ये गणपती कुठे बसतो? हसू नको. माझ्या ओळखीच्या एकाने मखराच्याच जागी टँक बसवला, भाद्रपदात घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि टँक हलवता येत नाही, चाकरमानी आलेत, पंधरा माणसं घरात, पोरं काचेवर टकटक करतायत. एकदा भरलेला टँक म्हणजे घरातली भिंत, असं समजूनच जागा ठरव. थेट ऊन नको, जाण्यायेण्याची वाट नको, आणि पाण्याचा नळ किंवा मोरी दहा-पंधरा फुटात हवी.

आणि आंब्याची बाग कुठल्या बाजूला आहे तेही बघ. हे तुला पुण्यामुंबईचा माणूस सांगणार नाही. मोहरावर तुडतुड्याला फवारणी होते, त्यात सायपरमेथ्रिनसारखी औषधं असतात, आणि ती माणसापेक्षा कोळंबी-खेकड्याच्या जातीला कितीतरी पटीने जहरी. माझ्या स्किमरची, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची, हवेची नळी बागेकडच्या खिडकीपाशी होती, एका सकाळी फवारणी झाली आणि दुपारी तीन श्रिंप उलटे. मासे ठणठणीत. सिद्ध करू शकत नाही, पण तेव्हापासून नळी घराच्या आतल्या बाजूला घेतली आणि पुन्हा तसं झालं नाही.

स्टँड. लोखंडी अँगलचा स्टँड आपल्याकडे दोन वर्षांत पोपडे सोडतो, बाहेरून खारी हवा आणि आतून मीठ. करायचाच तर गॅल्व्हनाइज करून वर पावडर कोटिंग. लाकूड म्हटलं तर आयएस ७१० मरीन प्लाय, आणि वाळवीचं औषध मारायचं ते टँक यायच्या महिनाभर आधी आणि दुसऱ्या खोलीत. माझ्याकडे खाली जमिनीवर घर आहे म्हणून मी गवंड्याकडून जांभ्याचे तीन खांब बांधून वर कडप्पा टाकून घेतला, स्वयंपाकघराचा ओटा करतात तसा, गंजायचं नाव नाही आणि वाळवी तोंड वाकडं करून परत जाते. पण तू दुसऱ्या मजल्यावर आहेस, जांभ्याचंच वजन तीन-चारशे किलो वाढेल, तुला नको. लेव्हल बॉटल लावून बघ, आणि रिमलेसच्या खाली दहा एमएम थर्माकोल किंवा फोम.

वायरिंग थोडक्यात. ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय हात पाण्यात घालायचा नाही. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर चढली पाहिजे, म्हणजे ओघळ प्लगमध्ये न जाता खालीच टपकतो.

पाण्याबद्दल. समुद्र दारात असताना मीठ विकत घ्यायचं म्हणजे आमच्या आजीच्या भाषेत गावात ताक असून पाण्याने भात कालवायचा. मीही सात-आठ वर्षं समुद्राचं पाणी वापरलं. नोव्हेंबर ते एप्रिल, भरतीच्या वेळी, खडकाळ किनारा, खाडीपासून आणि बंदरापासून लांब, घरी आणून बारीक फिल्टर करून झाकून दोन आठवडे ठेवायचं, असं केलं तर चालतं. तुझ्या भाट्याला काजळी नदी मिळते, तिथलं पाणी नको. पण जून ते सप्टेंबर ते बंद, नद्यांचं तांबडं पाणी किनाऱ्यावर येतं, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा खाली जातो, गाळ असतो, म्हणजे चार महिने तुला मीठ कालवावंच लागणार. मग टँकचं माप मिठाच्या हिशोबानेच ठरव. लिटरला साधारण ३७ ग्रॅम. दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, साडेचारशेचे ४५ लिटर, म्हणजे दर वेळी पावणेदोन किलो मीठ आणि ४५ लिटर आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं पाणी. हजार लिटरला शंभर लिटर पाणी आणि पावणेचार किलो, दर पंधरवड्याला, दुसऱ्या मजल्यावर. पहिले तीन महिने उत्साहात करशील. विहिरीचं पाणी कितीही गोड लागलं तरी सरळ घालायचं नाही, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवेल तेच. स्वयंपाकघरातला आरओ तीस-चाळीस सोडतो, त्याच्यापुढे डीआयचा एक डबा जोड.

उडालेलं पाणी भरायला ऑटो टॉप-ऑफ लाव पण त्याचा डबा वीस लिटरचाच ठेव. सेन्सर अडकला आणि सगळा डबा रिकामा झाला तरी साडेचारशे लिटरमध्ये सॅलिनिटी ३५ वरून साडेतेहतीसच्या आसपास जाईल, कुणी मरणार नाही. लोक सोयीसाठी शंभर लिटरचा ड्रम जोडतात आणि मग रडतात.

हलवायचं कधी, तर डिसेंबर-जानेवारी. मे महिन्यात नाही, जूनमध्ये मुळीच नाही. नवा टँक आधी साध्या पाण्याने भरून तीन दिवस तसाच ठेव, शक्यतो खाली पार्किंगमध्ये, गळला तर तिथे गळू दे. मग वर चढव, खारं पाणी कालवून दोन दिवस फिरव, सॅलिनिटी आणि तापमान जुन्याशी जुळव. हलवायच्या दिवशी जुन्यातलं निम्मं पाणी स्वच्छ वरून काढून घे, दगड त्या पाण्यात बुडवून, मासे थर्माकोलच्या बॉक्समध्ये एअर पंप लावून. बॉक्स मच्छी मार्केटचे मिळतात पण नवे घे, वापरलेल्याचा वास आणि वंगण जात नाही. जुनी वाळू मात्र नवीन टँकमध्ये ओतू नको. दोन वर्षांची घाण आणि सडक्या अंड्याचा वास त्यात दडलेला असतो, ढवळला की मासे गुदमरतात. वाटीभर वाळू धुऊन बी म्हणून टाक, बाकी नवीन. बॅक्टेरिया दगडात असतात, पाण्यात फारसे नसतात, त्यामुळे दगड ओले राहिले म्हणजे अर्धी लढाई झाली. नवीन कोरडा दगड जास्त घालणार असशील तर तो महिनाभर आधी खाऱ्या पाण्यात मुरव. नंतर दोन आठवडे रोज अमोनिया बघ, नवीन मासा महिनाभर नाही, कितीही रिकामं वाटलं तरी. रिकामं वाटणारच, त्याची सवय होते.

टँगचं विचारलंयस. चार फुटात यलो टँगलाही जेमतेम, मोठ्या जातीला सहा फुटाच्या खाली नकोच, आणि तुला सहा फुटी हवा होता तो बहुतेक त्याच्याचसाठी हे मला कळतंय. टँग सोड. फायरफिश, रॉयल ग्रामा, एखादा छोटा रॅस, यांनी हा टँक भरून दिसेल. जुना अडीच फुटी विकू नको, त्यात दगड-वाळू काही न घालता नुसता पीव्हीसीचा तुकडा टाक आणि नवीन मासा आधी तिथे चार-सहा आठवडे ठेव, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टँकमध्ये शिरला की दगडांसकट औषध घालता येत नाही.

काचवाल्याला आज फोन करून कोटेशन थांबव, ॲडव्हान्स दिला असशील तर त्याच पैशात माप बदलून घे, बहुतेक करतात. मग मला तीन गोष्टी कळव, हॉलचं माप आणि बीम कुठून जातो, मीटरला किती किलोवॉट मंजूर आहे, आणि जिन्याच्या वळणावर मोकळी जागा किती. हा टँक नुसत्या काचेचाच ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा आहे, चार माणसं लागतील, आणि ४८ बाय २७ तिथून फिरला नाही तर रुंदी दोन फूट करू, उंचीला मात्र हात लावायचा नाही.